वैमानिक प्रशिक्षण : मायदेशी की परदेशी?

बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामांतील मार्गदर्शन शिबिरांत अलीकडे एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मुलाला किंवा मुलीला वैमानिक व्हावयाचे आहे, तर प्रशिक्षण भारतात द्यावे की अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशा देशांत पाठवावे? प्रश्न विचारणारे बहुतेक पालक मध्यमवर्गीय असतात. कोणाची वाडी असते, कोणाचे निवृत्तीचे पैसे असतात, तर कोणाचा भाऊ आखाती देशातून मदत करणार असतो. रक्कम पन्नास लाखांच्या पुढची असते. एवढी रक्कम आपल्या समाजातील कुटुंब आयुष्यात फार तर एकदाच, घर बांधताना, हाताळते. म्हणून या विषयाची माहिती वाचकांपुढे थोडी सविस्तर ठेवावी, असे आम्हांस वाटले.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. 'देशात की परदेशात' हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो पहिला प्रश्न नव्हे. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळावयास हवीत. विद्यार्थी वैद्यकीयदृष्ट्या पात्र आहे काय, आणि त्याला परवान्याचे लेखी विषय झेपतात काय? या दोन्ही गोष्टी भारतातच, तुलनेने अल्प खर्चात तपासून पाहता येतात. प्रत्यक्षात अनेक कुटुंबे हा क्रम उलटा करतात. आधी एजंटाकडे पैसे भरले जातात, मग व्हिसाची धावपळ होते आणि वैद्यकीय तपासणीचा विचार सर्वांत शेवटी येतो.

परवाना म्हणजे नेमके काय?

भारतात विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून काम करावयाचे तर व्यावसायिक वैमानिक परवाना लागतो. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए देते. त्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असण्याची अट दीर्घकाळ चालत आली आहे. वाणिज्य किंवा कला शाखेच्या अनेक विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून हे दोन विषय स्वतंत्रपणे देऊन ती पूर्ण केली आहे. २०२५ साली ही अट शिथिल करण्याचा विचार शासकीय पातळीवर पुढे आला होता. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला नियम महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा.

लेखी परीक्षांत हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, विमान वाहतुकीचे नियम आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान हे विषय येतात. प्रत्येक विषयात उत्तीर्ण होण्यासाठी सत्तर टक्के गुण लागतात. शाळा-महाविद्यालयात पस्तीस गुणांवर निभावून नेण्याची सवय झालेल्या मुलांना हा आकडा ऐकूनच धक्का बसतो. याशिवाय रेडिओवरून संभाषण करण्याची वेगळी परीक्षा असते. ती पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती. १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती महासंचालनालयाच्या कक्षेत आणली.

मग येतात उड्डाणतास. एकूण दोनशे तासांचे उड्डाण आवश्यक आहे. त्यांपैकी शंभर तास विद्यार्थ्याने स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन उडवलेले असावे लागतात. त्यात लांब पल्ल्याची उड्डाणे येतात, आणि त्यांतील एक तीनशे सागरी मैलांचे, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक अंतराचे, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेले असावे लागते. रात्रीची उड्डाणे आणि केवळ उपकरणांवर विसंबून केलेली उड्डाणेही असतात. हे प्रशिक्षण सेसना १७२ सारख्या एका इंजिनाच्या लहान विमानावर होते. पुढे काही तास दोन इंजिनांच्या विमानावर घेतले जातात, कारण कंपन्या तशी पात्रता मागतात.

परवाना हाती आला म्हणजे नोकरी मिळाली, असे होत नाही. एअरबस ए३२० किंवा बोईंग ७३७ यांसारखे विशिष्ट विमान चालविण्याचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. ते बहुतांशी सिम्युलेटरवर होते आणि त्याचा खर्च साधारणतः पंधरा ते पंचवीस लाखांच्या दरम्यान येतो. काही वेळा कंपनी निवड करून मग हे प्रशिक्षण देते, काही वेळा उमेदवाराने ते स्वखर्चाने आधीच करून यावे अशी अपेक्षा असते. एजंटाच्या पत्रकात हा खर्च बहुधा दिसत नाही.

दोनशे तासांचे गणित

मायदेश आणि परदेश यांतील खरा फरक समजण्यासाठी एक साधा हिशेब मांडू. विद्यार्थ्याला दररोज एक तास विमान मिळाले तर दोनशे तास सात महिन्यांत पूर्ण होतील. आठवड्याला दोनच तास मिळाले तर त्याच कामाला जवळजवळ दोन वर्षे लागतील. शुल्क दोन्हीकडे सारखे असले तरी दुसऱ्या विद्यार्थ्याचा वसतिगृहाचा, जेवणाचा आणि व्याजाचा खर्च तिप्पट होतो. त्याहून वाईट गोष्ट अशी की, दोन उड्डाणांत दहा-बारा दिवसांचे अंतर पडले की शिकलेले विसरले जाते आणि तोच धडा पुन्हा पैसे मोजून गिरवावा लागतो.

भारतात विमान कमी का मिळते? कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. प्रशिक्षणाचे उड्डाण हे डोळ्यांनी जमीन पाहत केलेले उड्डाण असते. त्यासाठी पुरेशी दृश्यमानता लागते आणि ढग उंचावर असावे लागतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात कित्येक दिवस ही स्थिती नसते. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीतील धुके सकाळचे मोलाचे तास खाऊन टाकते. काही संस्थांना धावपट्टी प्रवासी विमानांबरोबर वाटून घ्यावी लागते आणि मोठे विमान येत असले की लहान विमानाला थांबणे भाग पडते. अनुभवी प्रशिक्षकांची कायम वानवा असते, कारण चांगला प्रशिक्षक विमान कंपनीत जातो. विमानाचा सुटा भाग बाहेरून यावयाचा असला तर ते विमान तोवर उभे राहते. लहान विमानांना लागणारे खास पेट्रोलदेखील दीर्घकाळ आपण आयात करीत आलो. देशी उत्पादनाची सुरुवात २०२२ साली वडोदऱ्याच्या रिफायनरीत झाली.

असे असले तरी भारतात शिकणे दुय्यम दर्जाचे, हा समज आम्हांस मान्य नाही. आपल्या देशातील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला आणि त्यांचे शिक्षण मुंबईतच, जुहूच्या धावपट्टीवर, बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये झाले होते. त्या क्लबचे प्रशिक्षण पुढे धुळ्याला हलले. महाराष्ट्रातच गोंदियाजवळ बिरसी येथे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. बारामती आणि शिरपूर येथे खासगी संस्था आहेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडविण्याच्या क्षमतेची प्रबोधिनी उभारण्याचे एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केले. राज्याबाहेर, उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे १९८५ साली स्थापन झालेली केंद्र शासनाची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तेथे प्रवेश परीक्षेद्वारे निवड होते.

मात्र संस्थेचे नाव मोठे किंवा जुने आहे एवढ्यावर विसंबून राहू नये. महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ पासून देशातील प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवार यादी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. पहिल्या यादीतील ३५ संस्थांपैकी एकही 'ए प्लस' किंवा 'ए' श्रेणीत बसली नाही. १३ संस्था 'बी' श्रेणीत आणि २२ संस्था 'सी' श्रेणीत आल्या. हे चित्र फारसे आश्वासक नाही. तरी अशी यादी आज पालकांना पाहावयास मिळते, ही जमेची बाजू आहे. वीस वर्षांपूर्वी पालकांपाशी शेजाऱ्याच्या सांगण्यापलीकडे काहीच नसे.

परदेशात काय मिळते, आणि परत आल्यावर काय लागते?

परदेशातील चांगल्या संस्थेत मिळणारी मुख्य गोष्ट म्हणजे वेग. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात वर्षातील बहुतेक दिवस आकाश निरभ्र असते. लहान विमानांसाठीच राखलेल्या धावपट्ट्या अनेक आहेत, विमाने पुष्कळ आहेत आणि एक विमान बंद पडले तर दुसरे मिळते. ज्याला येथे दोन वर्षे लागतील तो तेथे सुमारे वर्षभरात तास पूर्ण करू शकतो. सर्वत्र हवामान सारखे असते असे मात्र नाही. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी गडगडाटी वादळे येतात आणि जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम असतो. कॅनडातील हिवाळा तर सर्वांना ठाऊकच आहे.

अमेरिकेला जाणाऱ्याने आणखी काही गोष्टी लक्षात घ्याव्यात. २००१ च्या सप्टेंबरमधील हल्ल्यांनंतर तेथे उड्डाण शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची बोटांच्या ठशांसह सुरक्षा तपासणी होते आणि तिच्या मंजुरीशिवाय प्रशिक्षण सुरू करता येत नाही. प्रशिक्षणासाठी मिळणाऱ्या व्हिसावर तेथे नोकरी करून खर्च भागवता येत नाही. 'तेथेच पायलट म्हणून राहीन' ही आशाही बाळगू नये. त्यासाठी कायम वास्तव्याचा किंवा काम करण्याचा हक्क लागतो, आणि शिवाय २०१३ पासून तेथील प्रवासी विमान कंपनीत सहवैमानिक होण्यासाठीही सामान्यतः दीड हजार तासांचा अनुभव लागतो. भारतात दोनशे तासांचा परवाना आणि टाइप रेटिंग यांवर सहवैमानिकाच्या आसनावर बसता येते. आपल्या धर्मप्रांतातील काही कुटुंबे कॅनडा वा ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्यास आहेत. त्यांच्या मुलांनी तेथेच शिकावे, तेथेच तास जमवावे आणि तेथेच नोकरी करावी, हे उघड आहे. आमचे विवेचन येथे परतणाऱ्यांसाठी आहे.

परतणाऱ्याला काय करावे लागते, हे तपशिलाने सांगणे अगत्याचे आहे, कारण नेमके येथेच कुटुंबे गाफील राहतात. परदेशी परवान्यावर भारतात नोंदणी झालेले विमान व्यावसायिकरीत्या चालविता येत नाही. त्याचे भारतीय परवान्यात रूपांतर करून घ्यावे लागते. त्यासाठी मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र आणि नियम या विषयांच्या भारतीय परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. रेडिओ परीक्षाही सुटत नाही. ज्या देशाने परवाना दिला त्या देशाच्या विमान प्राधिकरणाकडून तो खरा असल्याची खातरजमा करून घेतली जाते, आणि हा पत्रव्यवहार आपल्या घाईप्रमाणे चालत नाही. विद्यार्थ्याला भारतात विमानावर दिवसा व रात्री कौशल्य चाचणी द्यावी लागते. अलीकडच्या काळात उड्डाण केलेले असावे अशी अट असल्याने, कागदपत्रांत जितके महिने जातील तितके जुने तास शिळे होत जातात. मग पुन्हा काही तास विकत घ्यावे लागतात. या सर्वांत काही महिने आणि काही लाख रुपये जातात. म्हणजे परदेशात वाचवलेल्या वर्षातील निम्मे वर्ष मायदेशी परतल्यावर खर्ची पडू शकते.

वैद्यकीय तपासणीबाबतही तेच. परदेशातील वैद्यकीय प्रमाणपत्र येथे चालत नाही, महासंचालनालयाचे पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र लागते. तेथील तपासणीत पात्र ठरलेला तरुण येथे रंगांधळेपणामुळे, कानाच्या किंवा हृदयाच्या एखाद्या दोषामुळे अपात्र ठरला, तर त्याच्या दोनशे तासांचा भारतात उपयोग उरत नाही. चष्मा असला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. चष्म्याने दृष्टी पूर्ण सुधारत असल्यास वाट मोकळी असते. मात्र तपासणी आधी करावी. घरातून एक रुपयाही बाहेर जाण्यापूर्वी करावी.

पैशाचा पूर्ण हिशेब

भारतात परवान्यापर्यंतचा खर्च आज ढोबळमानाने चाळीस ते साठ लाखांच्या दरम्यान येतो. अमेरिकेत शिक्षणशुल्क, राहणे, जेवण व प्रवास धरून तो साठ ते नव्वद लाखांपर्यंत जाऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेसारख्या देशांत तो याहून कमी असतो. विमान कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजनांत परवाना व टाइप रेटिंग एकत्र असते, निवड आधी होते, परंतु खर्च एक कोटीच्या घरात किंवा त्याहून वर जातो. परदेशी शुल्क डॉलरमध्ये भरावयाचे असते आणि रुपया घसरला की शेवटचा हप्ता पहिल्याहून महाग पडतो. परदेशी रक्कम पाठवताना बँक जो कर आगाऊ कापून घेते, त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत. त्याची चौकशी बँकेतच करावी.

बहुतेकांना कर्ज काढावे लागते, आणि एवढ्या रकमेसाठी बँक तारण मागते. आपल्याकडे तारण म्हणजे घर किंवा वाडी. समजा साठ लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे एकोणऐंशी हजार रुपये येतो. नोकरी लागली तर सहवैमानिकाच्या वेतनातून तो भागतो. लागली नाही तर? रिकामे गेलेले प्रत्येक वर्ष त्या कर्जावर सहा लाख रुपये नुसते व्याज चढवते. 'देशात की परदेशात' या प्रश्नाचे उत्तर या एका आकड्याशेजारी ठेवून पाहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

नोकरी लांबणीवर पडू शकते, हा कल्पनेचा खेळ नव्हे. २००५ च्या सुमारास नव्या विमान कंपन्या निघाल्या आणि वैमानिकांची टंचाई झाली. हजारो तरुण शिकावयास गेले. ते परतले तेव्हा २००८-०९ ची मंदी आली होती. किंगफिशर २०१२ साली बंद पडली, जेट एअरवेज २०१९ च्या एप्रिलमध्ये आणि गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात. मध्ये २०२० साली कोरोनाने साऱ्या जगाची विमाने जमिनीवर आणली. एखादी कंपनी बंद पडते तेव्हा तिचे अनुभवी वैमानिक बाजारात येतात आणि दोनशे तासांच्या नवोदिताची रांग आणखी लांबते. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, आणि त्याच वर्षी महासंचालनालयाने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. पुढील वर्षी ही संख्या १,३४२ होती. विमाने येणार आहेत. पण मागणी नोंदवल्यापासून विमान हाती येईपर्यंत अनेक वर्षे लागतात, हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही.

सुरक्षितता, भाषा आणि मुली

परदेशात सुरक्षित आणि येथे धोक्याचे, किंवा त्याच्या उलट, असे सरसकट म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात अवघ्या चार दिवसांत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने कोसळली आणि महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबविले. ८ जुलै २०२५ रोजी कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात दोन प्रशिक्षण विमानांची हवेत टक्कर होऊन दोन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्यांतील एक केरळचा होता. विमानांची देखभाल कशी होते आणि खराब हवामानात 'आज उडावयाचे नाही' असे म्हणण्याची मुभा विद्यार्थ्याला आहे काय, यावर सुरक्षितता अवलंबून असते. तेथे शिकत असलेल्या मुलांना हा प्रश्न खासगीत विचारावा.

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इंग्रजीची भीती वाटते. ती अनाठायी नसली तरी अतिरंजित आहे. २००८ पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार वैमानिकाला इंग्रजीची किमान चौथी पातळी गाठावी लागते. परंतु रेडिओवरील भाषा ही ठरावीक शब्दांची, छोट्या वाक्यांची असते आणि ती सरावाने येते. कानाला परके उच्चार कळणे हा खरा अवघड भाग. परदेशात तो सराव आपोआप होतो, येथे मुद्दाम करावा लागतो. लेखी परीक्षेची पुस्तके मात्र इंग्रजीतच आहेत. त्यामुळे बारावीनंतरच्या सुट्टीतच ती वाचावयास घ्यावीत.

मुलींच्या बाबतीत पालक अधिक कचरतात. भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे पंधरा टक्के आहे, तर जगाची सरासरी सुमारे पाच टक्के. या क्षेत्रात आपला देश जगापुढे आहे. मुलगी आहे म्हणून जवळची संस्था निवडावी, असा निर्णय आम्हांस योग्य वाटत नाही. वसतिगृह कसे आहे आणि महिला प्रशिक्षक आहेत काय, हे जरूर पाहावे, पण ते गोंदियाबाबतही पाहावे आणि टेक्सासबाबतही.

आमचे मत

या सर्वांचा विचार करून आम्ही पुढील क्रम सुचवू. प्रथम दुसऱ्या आणि लगेच पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. नंतर लेखी परीक्षा भारतातच द्याव्यात, परदेशी जाण्याचे ठरले असले तरीही. परतल्यावर द्यावयाच्याच आहेत तर त्या आधी देण्यात शहाणपण आहे. त्यामुळे पुढचे अनेक महिने वाचतात आणि विद्यार्थ्याची चिकाटी किती आहे तेही कळते. सहा-आठ महिने अभ्यास करून एकही विषय सुटला नाही, तर तेथेच थांबण्याची मोकळीक कुटुंबाला उरते. तोवर गेलेला पैसा लाखांत मोजण्याजोगा असतो, वाडीच्या किमतीत नव्हे.

हे झाल्यावर निवड सोपी होते. ज्या कुटुंबाजवळ परदेशी शिक्षणाचा खर्च, परतीनंतरच्या रूपांतराचा खर्च, टाइप रेटिंग आणि वर्षभर नोकरीविना निभावण्याची तरतूद असे चारही आहे, त्याने मुलाला परदेशी पाठवण्यास हरकत नाही. वेळेची बचत खरी आहे. ज्याच्यापाशी पहिल्या खर्चापुरतीच रक्कम आहे आणि बाकीचे 'पुढे पाहू' आहे, त्याने मायदेशीच शिकावे. प्रशिक्षण सावकाश झाले तरी रक्कम रुपयांत आणि हप्त्यांनी जाते, मूल गरजेला घरी येऊ शकते आणि हाती पडणारा परवाना थेट भारतीय असतो. अल्पसंख्याक समाजासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्ज योजना आहेत, त्यांचीही चौकशी करावी. त्यांतून सारा खर्च निघणार नाही, पण व्याजाचा भार काहीसा हलका होईल.

संस्था देशातील असो वा परदेशातील, प्रवेशापूर्वी तेथे प्रत्यक्ष जावे, अथवा तेथील सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलावे. आज किती विमाने उडण्याच्या स्थितीत आहेत आणि विद्यार्थी किती, हे विचारावे. मालकीची विमाने किती हा प्रश्न निराळा, कारण उभे असलेले विमानही मालकीचेच असते. मागील वर्षी ज्याने परवाना मिळवला त्याला पहिल्या उड्डाणापासून किती महिने लागले, प्रशिक्षक किती, गेल्या वर्षी किती सोडून गेले, हेही विचारावे. उत्तरे टाळली जात असतील तर तेच उत्तर समजावे. कोणी 'तास लवकर भरून देतो' असे म्हणाला तर तेथून तत्काळ निघावे. २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची आणि न केलेले उड्डाणतास नोंदवल्याची प्रकरणे देशात उघडकीस आली, वैमानिकांना अटक झाली, परवाने रद्द झाले. नोंदवहीत नुसता लिहिलेला तास हा उद्या शे-दीडशे प्रवाशांच्या जिवाशी केलेला खेळ असतो. ज्याने तो लिहून घेतला त्याची जबाबदारी लिहून देणाऱ्याइतकीच आहे.

सर्व शुल्क एकदम भरल्यास सवलत, असे आमिष बऱ्याच ठिकाणी दाखविले जाते. अमेरिकेतील सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही मोठी प्रशिक्षण संस्था फेब्रुवारी २००८ मध्ये एकाएकी बंद पडली, तेव्हा दोन हजारांहून अधिक विद्यार्थी अर्ध्यावर राहिले. त्यांतील अनेकांनी पूर्ण रकमेचे कर्ज काढून आधीच भरणा केला होता. तेव्हा सवलत सोडावी लागली तरी चालेल, पण जितके तास उडाले तितकेच पैसे द्यावेत, फार तर एका टप्प्याचे आगाऊ. संस्था बंद पडली, विद्यार्थी आजारी पडला किंवा व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे करारात लिहून घ्यावे. तो करार सही करण्यापूर्वी एखाद्या वकिलाला दाखवावा आणि त्याची एक प्रत कर्ज देणाऱ्या बँकेच्या कागदपत्रांत जोडावी. कर्जाचे हप्तेही बँकेकडून त्याच टप्प्यांनी थेट संस्थेच्या खात्यात जमा व्हावेत, मधल्या एजंटाच्या खात्यात नव्हे.